मादी लेकीची, नर लेकाचा

भिलाई-३, जि. दुर्ग, म.प्र.
११ मार्च १९७९

फकिरा,

गेल्या साली मोती बिमार होता म्हणून तू माझी घोडी रिकामी परत धाडली. यंदा निरोप काय, तं मोतीचा पाय दुखते. पुढच्या साली त्याचा कान दुखन. घोडा आहे का जावई आहे तो? हे पहिले लिहून घेतलं. आता रामराम.

चांदणी काही पोरगी राहिली नाही. या चैतात तिले घोडा दाखवला नाही तं मंग दाखवून फायदा नाही. तिच्या मागं मादी नाही, हे तुले मी का सांगू? देवराव दर इतवारी सेक्टर १० हून येते, चहा पिते अन तेच सांगते, "आई, चांदणी आहे तवरक ठीक. मंग तबेला बंद कर अन क्वार्टरमध्ये चाल." क्वार्टर चांगला आहे, मी नावं ठेवत नाही. पन तिथं मी करू काय? सून पोळ्या करन, मी पाहीन. नात मले हिंदीत विचारते, "दादी, खाना खा लिया?" खाल्लं म्हणते मी. झाला दिवस.

इथं माझ्या दारात माणसं येतात. प्लांटमधल्या लोकाइचे पोरं लग्नाले आले, सेक्टरा-सेक्टरात वराती निघतात, अन साऱ्याइले पांढरी घोडी पाहिजे. चांदणी यंदा पुरी दुधासारखी झाली. जन्मली तेव्हा कोळशासारखी काळी होती, तू पाहिलीच आहे. आपलं घराणंच तसं, जन्मते काळं अन पांढरं होते हळूहळू, माझ्या डोक्यासारखं. पन रंगाचं सोड. ते चालते कशी ते येऊन पाह. कानाशी बँड वाजो, पायाशी फटाका फुटो, वरच्या नवरदेवाचं बाशिंग हालत नाही. दुसऱ्याच्या घोड्या नवरदेवाले नालीत टाकतात. लोकं विचारतात, बाई, इले शिकवलं कोणं? मी म्हणते, शिकवलं नाही, रक्त आहे. माझ्या बाबाच्या घोडीचं रक्त.

बाबानं माझ्या लग्नात आंदण म्हणून घोडी दिली तेव्हा मांडवात साऱ्याइपुढं काय सांगतलं होतं? मादी झाली तं लेकीची, नर झाला तं लेकाचा. घोडी फळवाले माहेरीच येईन. बाहेरचा घोडा शिवणार नाही. तसंच चाललं. चांदणीची माय गंगी तुझ्या दारीच फळली, मोतीही गंगीचाच, नर झाला म्हणून तुले दिला. एक शिंगरू गेलं तेही तुझ्याच राखणीत, बिबट्या नेते अन तू झोपते. त्याचं मी आजवर कधी काढलं का?

भागाबाईनं तुले शिकवलं असन का ननंदेची घोडी कावून पोसावी. तिले सांग, चंदी-चारा मी घोडीसंग धाडीन.

गुडघ्यापायी मी येत नाही. तबेल्यातल्या सुखरामले घोडी घेऊन धाडते. कधी धाडू ते लिही.

तुझी बहीण
गया


मु. मुरपार, पो. देवरी, जि. भंडारा
२४ मार्च १९७९

ती. बाईस फकिराचा नमस्कार.

तुझं पत्र भेटलं. बाई, तू रागावू नको. मोती बिमार नाही, पन पहिल्यासारखा नाही. दिसाले अजून देवळातल्या चित्रासारखा आहे, पांढराशुभ्र. पन घोडा दिसाले चांगला असला म्हणजे झालं असं नाही.

एक गोष्ट सुचवतो. देवरीच्या भय्याजीपाशी लाल घोडा आहे. छाती रुंद, खूर काळे, पाय लोखंडासारखे. भय्याजी माझ्या शब्दाबाहेर नाही. शिंगरू तं आपलं काळंच जन्मते, चांदणीवर गेलं तं पुढं पांढरं होईनच. कोणाले काय समजते? आजूबाजूचे जुने लोक सांगतात का घरातल्या घरात फिरलं म्हणजे जोर कमी होते. पिकाचं बी पण आपण बदलतो ना.

बाबानं नेम केला तेव्हा त्याइच्या मनात काय होतं मी सांगू शकत नाही. तू दर खेपेस घोडीसंग यावी, दोन दिवस राहावी, येवढंच असन असं मले वाटते. तसं असन तं घोडा कोणताही असो, तू ये. देवरीपर्यंत मोटर येते. तिथून मी बैलगाडी आणतो.

भागा काही बोलत नाही. चंदी धाडू नको.

फकिरा


भिलाई-३
२ एप्रिल १९७९

फकिरा,

कोणाले काय समजते, असं तू लिहिलं. मले समजते ना. का मी कोणी नाही?

भय्याजीचा लाल घोडा भय्याजीपाशी राहू दे. उद्या मी नवरदेवाच्या बापाले काय सांगू, का घोडी अर्धी आमची अन अर्धी रस्त्यावरची? बाबाच्या मांडवातला शब्द आहे. बाबा मेले, म्हणून शब्द मेला का? बी बदलतो म्हणे. मी काय तूर पेरून राहिली का?

पहिले बिमार, मंग पाय, मंग जुने लोक सांगतात. खरं सांग. मोती तू विकला तं नाही ना? का भागाबाईच्या भावाले दिला? तिच्या माहेरच्याइचा डोळा होताच त्याच्यावर. दिला असन तं सरळ लिही, म्हणजे मी तुझ्या नावानं आंघोळ करून मोकळी होईन.

दिला नसन तं सुखराम बुधवारी निघून राहिला. जी.ई. रोडनं पायी पायी, मुक्काम करत येईन. त्याले मी चांगलं समजावून सांगतलं आहे का डोळ्यानं पाह, मोतीच आहे का. दुसरा घोडा दिसला तं घोडी तशीच घेऊन ये अन पुन्हा त्या घराचं पाणी पिऊ नको. सुखराम छत्तीसगढी माणूस, मानेना. म्हणते, "दाई, मोती तो एकर भाई लागही." मी म्हटलं, इचा भाऊ लागते तं लागू दे, तुले नवरदेव व्हायचं आहे का? लगाम धर अन चाल.

माझं मन तुझ्यासाठी वाईट नाही. पन माझ्या मागं एक मादी पाहिजे. येवढंच पाहिजे.

गया


मुरपार
२३ एप्रिल १९७९

ती. बाईस नमस्कार.

सुखराम घोडी घेऊन आला. चार दिवस राहिला. तू सांगतलं तसंच केलं. मोतीच होता, त्यानं उभं राहून पाहिलं. काल सकाळी परत निघाला. घोडीचा उजव्या पायाचा नाल ढिला होता, तो बदलून दिला. भागानं वाटेसाठी भाकरी बांधून दिल्या.

तू आली नाही.

फकिरा


भिलाई-३
१२ ऑक्टोबर १९७९

फकिरा,

सहा महिन्यात तुझं एक कार्ड नाही. मोती दिला म्हणून उपकार केले का? दिवाळी तोंडावर आली, भाऊबीजेले बहिणीची आठवण येत असन तं लिही, नसन तं राहू दे.

चांदणी गाभण आहे. आता पोटाकडं पाहिलं तं आंधळ्यालेही दिसन. मी तिले वराती बंद केल्या. माणसं दारातून परत जातात, देवरावचं तोंड पडते, पन मी म्हटलं, एक साल तिनं मले द्यावं, मंग सारं आयुष्य तिची पोरगी देईन. मादीच होईन. पोट कसं पसरलं ते मी ओळखते. नाव पण ठेवून टाकलं, रुपा. काळी होईन तरी रुपाच.

देवराव आता तबेल्याचं बोलत नाही. गेल्या इतवारी नातीले घेऊन आला. प्रेमला चांदणीच्या पोटाले कान लावून उभी राहिली अन मले म्हणते, "दादी, अंदर कोई चल रहा है." पहिल्यांदा त्या पोट्टीनं माझ्या घरी तासभर काढला. जाताना मराठीत म्हणाली, "आजी, शिंगरू झालं तं मले सांग." मी म्हटलं, सांगीन.

इकडची बातमी म्हणजे शेजारच्या गिरजाबाईच्या पोरीची सोयरीक मीच मोडली. नंदिनी नगरचा पोरगा, खदानीत नोकरी, सारं पक्कं झालं होतं. साखरपुड्यात मी सहज विचारलं, तुमचं देवक काय? तं दोन्हीकडचं देवक एकच. आडनाव वेगळं म्हणून कोणं विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, अरे, हे तं भाऊ-बहीण झाले, लगन कसं लागन? गिरजाबाई अजून माझ्याशी बोलत नाही. न बोलो. एका रक्ताचं लगन लावून पुढं वाकडं-तिकडं झालं असतं तं आली असती माझ्याच दारी रडाले.

भागाबाईले सांग, भाकऱ्या पोहचल्या. सुखराम म्हणे मीठ कमी होतं.

गया


भिलाई-३
२२ मार्च १९८०

फकिरा,

शिंगरू झालं. मादी आहे. काळी आहे. बाकी बरं आहे.

बाबा शिंगराच्या पुढच्या पायाले बांबूच्या कामट्या बांधत होते ते मले थोडं आठवते. खुराकडून वर बांधत होते का गुडघ्याकडून खाली? कापूस आत घालत होते का चिंधी? अन तेल कोणतं? ते लवकर लिही. कार्डावर लिही म्हणजे लवकर येईन.

दूध धराले शिंगराले किती वेळ लागला तं चालते? चांदणीले दूध गंज आहे, सांडून राहिलं.

काही चिंता नाही. उगीच विचारलं.

गया


मुरपार
२८ मार्च १९८०

बाई,

कार्ड आजच भेटलं, आजच लिहितो, देवरीले जाऊन टाकतो.

खुराकडून वर बांध. आधी कापूस, मंग चिंधी, मंग कामट्या. घट्ट नको, बोट आत जाईन येवढं ढिलं. रोज सोडून कोमट तिळाच्या तेलानं चोळ, पुन्हा बांध. पाय आत वळला असन तं दोघाइनं धरून उभं करा, सकाळ-संध्याकाळ, पोटाखाली गोणपाट घेऊन.

तोंड उघडून पाह. खालचा जबडा वरच्यापेक्षा आखूड आहे का? तसं असन तं ते आचळ धरू शकत नाही. मंग चांदणीचं दूध काढून तांब्यानं पाज, थोडं थोडं, मान वर करून नाही, खालीच ठेवून. नाही तं दूध छातीत जाते.

उभी राहते का ते लिही. बाई, मी येऊ का? तू म्हटलं तं उद्या निघतो.

फकिरा


भिलाई-३
१४ एप्रिल १९८०

फकिरा,

तुझं पत्र आलं त्याच्या आदल्या दिवशी रुपा गेली. तू येऊन काय करणार होता?

तू लिहिलं तसंच होतं. जबडा आखूड. तुले ते तिथं बसून कसं समजलं, हा इचार मी करून राहिली.

पुढचे दोन्ही पाय खुराच्या वर दुमडलेले, जशी मूठ दुमडते. उभी केली का बसे. सुखराम अन मी गोणपाट धरून उभे राहत होतो, तुझ्या पत्राच्या आधीपासूनच. आखीन कसं करणार? दूध तांब्यानं पाजलं. प्यायची. डोळे चांगले होते तिचे, मोठे मोठे, माणूस आला का त्याच्याकडं वळायची. चांदणी तिले नाकानं ढकले, ऊठ म्हणे. ते उठे अन पडे. मंग चांदणीनं ढकलनं बंद केलं. जनावराले माणसाच्या आधी समजते.

प्रेमला आली होती. मी सांगीन म्हटलं होतं म्हणून सांगतलं होतं. पोट्टीनं शिंगराच्या डोक्याखाली आपली शाळेची ओढणी घडी करून ठेवली. देवराव बोलला असता तं बरं झालं असतं, मले भांडता आलं असतं.

ढोराचा डॉक्टर आला होता, जवान पोरगा, जबलपूरकडचा. त्यानं विचारलं, इसका बाप कौन? मी त्याले सारं सांगतलं, बाबाची घोडी, तिची मादी, त्याइचा नर, गंगी, मोती, चांदणी, चांगलं मान वर करून सांगतलं. तो बादलीत हात धूत होता, तो थांबला. म्हणे, "माँजी, ये तो सब एक ही घर में घूम रहा है." मी म्हटलं, हो, म्हणून तं चोख आहे. त्याले म्हशी समजत असतील, घोडे नाही समजत.

माझं म्हणणं आहे का सुखरामनं गाभण घोडीले वाटेत पळवली असन. नाही तं तुझ्या घरून निघताना कोणाची दीठ लागली. कोणाची ते मी नाव घेत नाही, भाकऱ्या कोणं बांधल्या ते तुले माहीत आहे.

चांदणीचं अंग अजून सावरलं नाही, पन एक डाव आखीन निघन. जेठात तिले पुन्हा धाडते. मोतीच पाहिजे. या डाव मी स्वतः संग येते, गुडघे मोडले तरी.

गया


मुरपार
१ मे १९८०

बाई,

हे पत्र भागाबाईचं आहे. ह्याइले माहीत नाही. हे वावरात गेले.

तुमचं पत्र आलं. ह्याइच्या डोळ्याले आता बारीक अक्षर दिसत नाही, तुमचे सारे पत्र मीच वाचून दाखवते. माझ्या नावाचं जे लिहिता तेही मीच वाचते, एक शब्द गाळत नाही. भाकरीत मीठ कमी, तेही वाचलं. दीठ लागली, तेही वाचलं, तं हे म्हणाले, राहू दे, पुढचं वाच. मंग "पुन्हा मोतीच पाहिजे" वाचलं. त्या दिवसापासून हे जेवाले बसतात अन ताटावरून उठतात. पत्राचं उत्तर द्या म्हटलं तं कागद घेतात अन "ती. बाईस" लिहून ठेवून देतात. म्हणून मी लिहून राहिली. मी चौथी शिकली आहे, अन तुमची मले भीती वाटत नाही.

तुमचं शिंगरू बिबट्यानं नेलं नव्हतं. भाऊजी वारले त्या साली गंगी इथंच व्याली, तुमाले आठवत असन. तुमी तेव्हा कोणाशीच बोलत नव्हत्या. ते शिंगरू तुमच्या रुपासारखंच होतं. तेच पाय, तोच जबडा. गंगीले तिचाच भाऊ दाखवला होता, नेमाप्रमाणं. ह्याइनं कामट्या बांधल्या, तांब्यानं दूध पाजलं, म्हणून त्याइले इथं बसून समजलं. ते गेलं तेव्हा नदीच्या अंगाले खड्डा केला. मी म्हटलं, बाईले खरं लिहा. हे म्हणाले, तिचा नवरा गेला, आता बाबाचा नेमही गेला असं कसं लिहू? बिबट्या लिहून टाकला. तुमी तेव्हापासून बिबट्याचे टोमणे मारता अन हे ऐकून घेतात.

पुढच्या साली गंगी पुन्हा आली. तुमी दोन दिवस राहिल्या अन भाऊजीच्या वर्षश्राद्धासाठी घाईनं गेल्या. तेव्हा इथं बाजाराबाजारात फिरणारा एक बांगडीवाला येत होता. त्याच्यापाशी लाल घोडा होता. पाठीवर दोन्हीकडं बांगड्याचे पेटारे, नाल्यातून, दगडातून चाले, अन बांगडी फुटत नव्हती. बाया म्हणत, मनगटात फुटते पन घोड्यावर नाही फुटत. ह्याइनं तो घोडा गंगीले दाखवला. त्याची चांदणी.

शिंगरू काळं जन्मलं, आपले सारे काळेच जन्मतात, कोणी ओळखलं नाही. नवरदेवाचं बाशिंग हालत नाही, रक्त आहे, असं तुमी लिहिलं ते मी वाचून दाखवलं तेव्हा हे पहिल्यांदा हसले. मंग बाहेर जाऊन बसले.

मोती त्याच्या आधीचा, नेमातला. तो दिसाले चांगला, पन त्याचे वरचे दात खालच्यावर बसत नाहीत. मी त्याले जन्मभर चारा बारीक कापून घालते. म्हणून हे त्याले तुमच्या घोडीजवळ जाऊ देत नव्हते. दोन साल टाळलं. तुमी मोती माझ्या भावाले दिला असं लिहिलं अन पहारा द्याले माणूस धाडला, तेव्हा ह्याइचं काही चाललं नाही. सुखराम जाईपर्यंत हे घरात आले नाहीत.

बाई, गिरजाबाईच्या पोरीचं देवक तुमी विचारलं. चांगलं केलं. माणसात आपण सात कुळं पाहतो अन घोड्यात एकच घर पाहत राहिलो. मले जेवढं समजलं तेवढं लिहिलं.

मोती यंदा मिळणार नाही. हे नाही म्हणू शकत नाहीत, म्हणून मी म्हणून राहिली.

भागाबाई


भिलाई-३
१५ सप्टेंबर १९८०

फकिरा,

तुझ्या बायकोनं मले पत्र लिहावं अन तू त्याच छपरीखाली बसून वावराचा बहाणा करावा, हे मले आवडलं नाही. साडेचार महिने मी वाट पाहिली का तू काही लिहिशील. तू म्हणत असशील, बाईचा राग उतरू दे. राग कवाचाच उतरला. तो उतरला म्हणून तं लिहाले उशीर लागला, रागात मी भराभर लिहिते.

भागा, तू हे वाचून दाखवून राहिली असशील. तुझ्या भाकरीत मीठ बरोबर होतं. सुखराम काहीच म्हणाला नव्हता. पुढं वाच.

फकिरा, चांदणीचं सांगते. तिले आता मी कोणताच घोडा दाखवत नाही. डॉक्टर पुन्हा आला होता, त्यानं आत हात घालून पाहिलं, म्हणे माँजी, अब नहीं. मी म्हटलं, बरं. त्याले चहा पाजला. म्हशीवाला नाही तो, त्याले घोड्याचंही समजते. त्यानं मले वहीत रेघा ओढून दाखवलं. वरून दोन रेघा वेगळ्या निघतात अन खाली येता येता आपल्या घोड्याइच्या पुन्हा एक होतात. पाण्याचं डबकं असते तसं. डबक्यातलं पाणी बाहेर जात नाही, बाहेरचं येत नाही. पहिले दिसत नाही काही. अभाळ त्याच्यात चांगलं दिसते.

मी हिशोब करून पाहिला. भय्याजीचा लाल घोडा तू मले न सांगता दाखवला असता तं आज माझ्या दारात मादी उभी असती. मी तिले रुपा म्हणत असती अन बाबाचं रक्त म्हणून साऱ्याइले दाखवत असती. तू लबाडी करत होता तवरक माझं घर चाललं. मी पहारा बसवला अन बुडालं. तुले मी ऐकून घेणारा समजत आली. तू ऐकत नव्हता, हे मले आज समजलं, अन ज्या एका डाव ऐकलं तेव्हा नको होतं ऐकाले.

तू सांगतलं असतं तरी मी ऐकलं नसतं. तेही लिहून ठेवते, म्हणजे तू पुन्हा ताटावरून उठू नको.

पोळा झाला. प्लांटच्या गावात पोळा म्हणजे लेकरांचे लाकडी बैल. प्रेमलानं लाकडी बैल नको म्हटलं. चांदणीच्याच गळ्यात माळ घालून तिले दारासमोर फिरवली, सुखरामनं लगाम सोडून दिला होता. घोडी पोट्टीच्या मागं चालत होती, रस्त्यानं ट्रक जाऊन राहिले, चालत होती. तेव्हा माझ्या मनात आलं, हे चालणं बाबाच्या घोडीचं नाही. बाबाची घोडी भडकणारी होती. मले लग्नानंतर नदीपाशी तिनंच पाडली होती. ते मी विसरूनच गेली होती, येवढे दिवस माझ्या घराण्याचं म्हणून सांगत राहिली.

वराती पुन्हा सुरू केल्या. या तुळशीच्या लग्नानंतर जितक्या होतील तितक्या. मंग देवराव म्हणते तसं, तबेला बंद. क्वार्टरच्या मागं पेरूचं झाड आहे, तिथं चांदणीले बांधू देत नाहीत, साहेब लोक ऐकत नाहीत, देवराव विचारून आला. तिले नंदिनी नगरच्या एका घरी ठेवीन, त्याइची जागा मोठी आहे. सुखराम तिच्यासंग जाईन. त्या घरचा पोरगा आपल्या गिरजाबाईच्या पोरीचा मोडलेला नवरदेव आहे, पाह कशी गोष्ट. चांगला निघाला. घोडी पाहाले आला तेव्हा तो मले एक शब्द वाईट बोलला नाही. बोलला असता तं मी ऐकून घेतलं असतं.

मोती तुझ्यापाशीच राहू दे. त्याले कोणती घोडी दाखवू नको. चारा भागा कापून घालतेच. मेला का मले कार्ड टाक.

मी दिवाळीत येऊन राहिली. घोडी नसन संगं. बाबाच्या नेमात घोडीशिवाय यायचं लिहिलं नव्हतं, पन यायचं नाही असंही कोठी लिहिलं नव्हतं. देवरीपर्यंत मोटरनं येते. बैलगाडी आणशील असं तू लिहिलं होतं, ते मी सोडलं नाही.

आता एकच काम. माणसं मले विचारतात, घोडी कोणाची? आजवर मी बाबाचं नाव घेत होती. खोटं होतं तरी मी खोटं बोलत नव्हती. आता समजल्यावर तसं सांगनं माझ्यानं होत नाही. नंदिनी नगरवाल्यालेही पुरं सांगून घोडी द्यायची आहे. बांगडीवाल्याच्या त्या लाल घोड्याले तो कोणत्या नावानं हाक मारत होता? तुले आठवत असन, तू त्याले रोज पाणी पाजलं असशील, मी ओळखते तुले.

ते नाव फकिरानं लिहावं, स्वतःच्या हातानं, अक्षर वाकडं आलं तरी चालन. भागाबाईनं लिहू नये. तिनं फक्त कार्ड देवरीले नेऊन टाकावं.

गया